मुलींच्या चार्टर शाळेत प्रवेश: न्यू यॉर्कला नव्याने आलेल्या मराठी पालकांसाठी

दर वर्षी नोव्हेंबर-डिसेंबरात ओळखीतून कुणाचा तरी फोन येतो. नवराबायको सहा-आठ महिन्यांपूर्वी पुण्याहून नाहीतर नाशिकहून न्यू यॉर्कला आलेले असतात, मुलगी साडेचार वर्षांची असते आणि प्रश्न ठरलेला असतो. "ताई, घराजवळ मुलींची एक चार्टर शाळा आहे म्हणतात. ती सरकारी की खासगी? फी किती? आपल्या मुलीला घेतील का?" काही वर्षांपूर्वी मीही याच गोंधळातून गेले. फोनवर तुकड्यातुकड्यांत सांगते ते सगळं इथे सलग लिहिते आहे. सगळ्यात जास्त शाळेच्या पटाबद्दल लिहिणार आहे, कारण नवीन पालक नेमकं तेच पान न वाचता पुढे जातात.

ही शाळा नक्की कुणाची?

चार्टर शाळा सरकारी पैशावर चालते, पण तिचा कारभार स्वतंत्र विश्वस्त मंडळ पाहतं. फी नसते, प्रवेशपरीक्षा नसते, मुलाखत नसते. अमेरिकेत अशा शाळांचा पहिला कायदा १९९१ मध्ये मिनेसोटा राज्यात झाला, न्यू यॉर्क राज्यात डिसेंबर १९९८ मध्ये. शाळेला एका वेळी जास्तीत जास्त पाच वर्षांची परवानगी मिळते. ही परवानगी, म्हणजेच सनद (चार्टर), न्यू यॉर्क राज्य विद्यापीठाचं विश्वस्त मंडळ किंवा राज्याच्या शिक्षणावर देखरेख ठेवणारं बोर्ड ऑफ रीजंट्स देतं. मुदत संपली की शाळेचं काम तपासून नूतनीकरण होतं, आणि काम बरं नसेल तर शाळा बंदही होऊ शकते. म्हणून शाळेत चौकशी करताना "तुमचं नूतनीकरण कधी आहे?" हा प्रश्न बिनधास्त विचारा.

आपल्याकडे कन्याशाळा म्हटलं की कुणाला नवल वाटत नाही. पुण्यात हुजूरपागा १८८४ पासून आहे. इथे मात्र सार्वजनिक पैशावर फक्त मुलींची शाळा असावी का, यावर बरंच भांडण झालं. १९९६ मध्ये ईस्ट हार्लेममध्ये मुलींसाठी यंग विमेन्स लीडरशिप स्कूल ही सार्वजनिक शाळा निघाली, तेव्हा नागरी हक्क संघटनांनी तिच्याविरुद्ध तक्रार केली होती. ती शाळा चार्टर नव्हती. राज्याच्या चार्टर कायद्यात मात्र एकाच लिंगाच्या मुलांसाठी शाळा काढायला स्पष्ट मुभा आहे. त्याच आधारावर २००५ मध्ये मॅनहॅटनच्या लोअर ईस्ट साइड भागात गर्ल्स प्रेप ही शहरातली मुलींची पहिली चार्टर शाळा सुरू झाली, आणि पुढे त्याच संस्थेने ब्राँक्समध्येही मुलींची शाळा काढली. पुढे जे लिहिते आहे ते अशा प्राथमिक शाळा डोळ्यांसमोर ठेवून, पण प्रवेशाचे नियम शहरातल्या सगळ्याच चार्टर शाळांना लागू आहेत.

पायरी १: वय आणि पत्ता

ज्या कॅलेंडर वर्षात मुलीला पाच वर्षं पूर्ण होतात, त्याच वर्षाच्या सप्टेंबरात ती न्यू यॉर्क शहरात किंडरगार्टनला जाते. जन्म ३१ डिसेंबरचा असला तरी हाच नियम. म्हणजे वर्गात काही मुली पावणेपाच वर्षांच्या असतात, तर काही पाच वर्षं आठ महिन्यांच्या. आपली लेक डिसेंबरची असेल तर घाबरू नका, पण पहिल्या सहामाहीत तिची तुलना जानेवारीत जन्मलेल्या मुलीशी करू नका.

पत्त्याला महत्त्व आहे. शहरात ३२ शालेय जिल्हे आहेत आणि चार्टर शाळेच्या सोडतीत तिच्या जिल्ह्यात राहणाऱ्या मुलांना प्राधान्य मिळतं. लोअर ईस्ट साइड आणि ईस्ट व्हिलेज मिळून जिल्हा १ होतो. दुसऱ्या जिल्ह्यातून अर्ज करता येतो, फक्त नंबर लागण्याची शक्यता कमी होते. जर्सी सिटीत राहणाऱ्यांना मात्र हा रस्ता बंद आहे. नदी ओलांडली की राज्य बदलतं आणि राज्याबरोबर कायदाही.

व्हिसा कोणता, हे शाळा विचारू शकत नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये प्लायलर विरुद्ध डो या खटल्यात स्पष्ट केलं की इमिग्रेशनच्या कारणावरून मुलांना सार्वजनिक शाळा नाकारता येणार नाही. सोशल सिक्युरिटी नंबरही प्रवेशासाठी लागत नाही. आईवडिलांच्या नोकरीच्या व्हिसामुळे मिळणाऱ्या एच-४ व्हिसावर आलेली मुलगी आणि इथे जन्मलेली मुलगी या बाबतीत अगदी सारख्या.

पायरी २: अर्जाआधी पट वाचा

राज्याच्या शिक्षण खात्याच्या संकेतस्थळावर प्रत्येक सार्वजनिक शाळेचं पान असतं, चार्टर शाळांचंही. शाळेचं नाव टाकलं की इयत्तावार पटसंख्या, वंशानुसार वाटणी, इंग्रजी शिकणाऱ्या मुलांचं प्रमाण, अपंगत्व असलेल्या मुलांचं प्रमाण, आर्थिकदृष्ट्या मागास कुटुंबांचं प्रमाण असं सगळं दिसतं. हे आकडे ऑक्टोबरच्या पहिल्या बुधवारी पटावर कोण होतं त्यावरून घेतलेले असतात.

बहुतेक पालक आधी एकूण पट पाहतात आणि मग वंशाच्या टक्क्यांकडे वळतात. तुम्ही आधी इयत्तावार पट पाहा, आणि तोही तिरका वाचा. यंदाची किंडरगार्टन ही पुढच्या वर्षीची पहिली आणि त्याच्या पुढच्या वर्षीची दुसरी. पाच-सहा वर्षांची पानं शेजारी ठेवून एकाच तुकडीमागे बोट फिरवत जा. समजा किंडरगार्टनला ७५ मुली होत्या, पहिलीत ७१, दुसरीत ६६, तिसरीत ५८ आणि चौथीत ४९. या शाळेतून मुली गळताहेत. कुटुंबं घरभाडं परवडत नाही म्हणून भाग सोडतात, हे या शहरात नेहमीचंच आहे. पण काही वेळा शिस्त फार कडक असते, काही वेळा आईवडिलांना वारंवार बोलावून "तुमच्या मुलीला इथे जमत नाही" असं सुचवलं जातं. आकड्यावरून कारण कळत नाही, पण प्रश्न काय विचारायचा ते कळतं.

उलट पट सगळ्या इयत्तांत सारखाच दिसला, तरी लगेच खूश होऊ नका. रिकाम्या झालेल्या जागा शाळा प्रतीक्षायादीतून भरत असेल, तर गळती असूनही आकडा तसाच राहतो. जागा भरणं ही चांगलीच गोष्ट आहे. आपल्यासारख्या मध्येच आलेल्या कुटुंबांना तर तोच एक दरवाजा असतो. म्हणून दोन वेगळे प्रश्न विचारा: "गेल्या वर्षी किती मुली सोडून गेल्या?" आणि "कोणत्या इयत्तेपर्यंत तुम्ही नवीन मुली घेता?" शाळा नवी असेल तर वरच्या इयत्तांत मुली नसणं साहजिक आहे, कारण चार्टर शाळा बहुधा एक-दोन इयत्तांनी सुरू होतात आणि दर वर्षी एक इयत्ता वाढवतात.

आता वंशाचा रकाना. लोअर ईस्ट साइड आणि ब्राँक्समधल्या अशा शाळांत बहुसंख्य मुली हिस्पॅनिक आणि कृष्णवर्णीय कुटुंबांतल्या असतात. 'आशियाई' हा रकाना छोटा असतो, आणि त्या एका शब्दात चायनाटाउनमधली मुलगी, ब्राँक्सच्या पार्कचेस्टरमधली बांगलादेशी मुलगी आणि तुमची कोल्हापूरची लेक अशा तिघीही येतात. त्यावरून वर्गात भारतीय मुली किती, ते समजणार नाही.

इथे मला एक मनापासून सांगायचं आहे. फोनवर बोलताना काही जण आवाज खाली आणून विचारतात, "पण तिथे आपल्यासारखी मुलं नाहीत ना?" मला हे ऐकून दर वेळी वाईट वाटतं. माझी मुलगी किंडरगार्टनला गेली तेव्हा तिच्या वर्गात ती एकटीच भारतीय होती. पहिल्या महिन्यात तिच्या दोन मैत्रिणी झाल्या, एकीची आजी डॉमिनिकन आणि दुसरीचं कुटुंब घानाहून आलेलं. त्या दोन्ही घरांनी आम्हाला या शहरात कसं राहायचं ते जेवढं शिकवलं, तेवढं कुठल्याच मंडळाने शिकवलं नसेल. शेजारी बसणाऱ्या मुलीच्या रंगावरून शाळा कशी शिकवते ते कळत नाही. पट वाचायचा तो शाळा कुणाकुणाला आत घेते आणि कुणाला टिकवून ठेवते हे समजून घेण्यासाठी.

त्यासाठी जिल्ह्याशी तुलना करा. २०१० मध्ये कायद्यात बदल झाला तेव्हापासून चार्टर शाळांना तीन गटांसाठी प्रवेशाची आणि टिकवून ठेवण्याची उद्दिष्टं पाळावी लागतात: इंग्रजी शिकणारी मुलं, अपंगत्व असलेली मुलं आणि कमी उत्पन्नाच्या घरांतली मुलं. आसपासच्या जिल्ह्यात इंग्रजी शिकणाऱ्या मुलांचं प्रमाण बरंच असेल आणि शाळेत जेमतेम असेल, तर त्या मुलींसाठी शाळेत खास शिक्षिका आहे का, असा सरळ प्रश्न विचारा. आपली लेकसुद्धा कदाचित त्याच गटात जाणार आहे.

अपंगत्वाच्या आकड्याची तुलना करताना जरा सांभाळून. अमेरिकेत विशेष शिक्षण घेणाऱ्या मुलांत सुमारे दोन तृतीयांश मुलगे असतात. त्यामुळे मुलींच्या शाळेत हे प्रमाण जिल्ह्यापेक्षा कमी दिसणारच, आणि तेवढ्यावरून शाळा अशा मुलींना टाळते असं म्हणणं अन्यायाचं होईल. त्यापेक्षा अपंगत्व असलेल्या आणि नसलेल्या मुलींना दोन शिक्षिका मिळून एकत्र शिकवतात असे मिश्र वर्ग शाळेत आहेत का, ते विचारा.

कमी उत्पन्नाचा आकडा पाहताना जुन्या लेखांतला 'मोफत जेवणाचा' निकष विसरा. शहराच्या सार्वजनिक शाळांत सप्टेंबर २०१७ पासून सगळ्याच मुलांना जेवण मोफत आहे. आता हे प्रमाण मुख्यतः सरकारी मदतयोजनांतल्या नोंदींवरून ठरतं.

शेवटी तीव्र गैरहजेरीचा आकडा पाहा. वर्षातले दहा टक्के किंवा त्याहून जास्त दिवस, म्हणजे १८० पैकी १८ दिवस शाळा चुकवलेली मुलं त्यात मोजतात. तिसरीपासून राज्याची इंग्रजी आणि गणिताची परीक्षा असते. त्यात पाचपेक्षा कमी मुली असलेल्या गटाचे निकाल झाकलेले असतात, म्हणून आशियाई रकान्यात निकाल दिसला नाही तर शाळा काही लपवते आहे असं समजू नका.

पायरी ३: एक नव्हे, दोन अर्ज

इथेच सर्वाधिक चुका होतात. शहराच्या शिक्षण विभागाचा किंडरगार्टनचा अर्ज वेगळा आणि चार्टर शाळांचा वेगळा. शहराचा अर्ज हिवाळ्यात, साधारण डिसेंबर ते जानेवारीत भरायचा असतो आणि त्यात १२ शाळा पसंतीक्रमाने देता येतात. चार्टर शाळा त्या यादीत नसतात. चार्टरचा अर्ज १ एप्रिलपर्यंत भरता येतो आणि एकाच ऑनलाइन अर्जात अनेक शाळा निवडता येतात. दोन्ही मोफत आहेत. कुणी 'प्रवेश करून देतो' म्हणून पैसे मागितले तर तिथून उठा.

दोन्ही अर्ज भरा. चार्टरच्या भरवशावर शहराचा अर्ज सोडू नका.

चार्टरच्या अर्जात मुलीचं नाव, जन्मतारीख, पत्ता, इयत्ता आणि शाळेत आधीच शिकणारी बहीण आहे का, एवढंच महत्त्वाचं. काही शाळा घरची भाषा विचारतात, कारण इंग्रजी शिकणाऱ्या मुलांना सोडतीत वेगळं प्राधान्य द्यायला कायद्याने परवानगी आहे. तिथे खरं ते लिहा. घरी मराठी बोलत असाल तर मराठी लिहा.

पायरी ४: सोडत आणि प्रतीक्षायादी

महाराष्ट्रात आरटीईचा ड्रॉ पाहिलेल्यांना ही कल्पना नवी नाही. जागांपेक्षा अर्ज जास्त आले की एप्रिलमध्ये सोडत होते. शाळेत आधीपासून शिकणाऱ्या मुली, त्यांच्या बहिणी आणि जिल्ह्यातल्या मुली यांना प्राधान्य, आणि बाकी सगळं नशीब. मुलगी हुशार आहे, तिला पाढे येतात, बाबा मोठ्या कंपनीत आहेत, यातलं काहीही मोजलं जात नाही. मला या पद्धतीतली हीच गोष्ट सगळ्यात आवडते.

नंबर लागला की उत्तर द्यायला ठरावीक दिवस मिळतात. आमच्या वेळी एका शाळेचा ईमेल स्पॅममध्ये जाऊन पडला, आम्ही मुदत उलटल्यावर पाहिला आणि जागा गेली. तेव्हापासून मी सगळ्यांना सांगते: एप्रिल महिनाभर स्पॅम रोज उघडा, अनोळखी नंबरचे फोन उचला, आणि अर्जात दिलेला नंबर भारतातला नसेल याची खात्री करा.

नंबर लागला नाही तर प्रतीक्षायादी. ती खरंच हलते. मे-जूनमध्ये कुटुंबं गाव सोडतात, ऑगस्टमध्ये काही जण दुसरी शाळा धरतात, आणि सप्टेंबरात शाळा सुरू झाल्यावर न आलेल्या मुलींच्या जागा रिकाम्या होतात. उन्हाळ्यात भारतात जाणार असाल तर शाळेच्या कचेरीला आधी कळवून ईमेल पत्ता पक्का करून घ्या. जुलैत तुम्ही साताऱ्यात आणि शाळेचा फोन इथे वाजतोय, असं होऊ देऊ नका.

पायरी ५: कागद

महाराष्ट्रातल्या जन्मदाखल्याची एक खास अडचण आहे. रुग्णालयात नोंद होते तेव्हा बारसं झालेलं नसतं, त्यामुळे कित्येक दाखल्यांवर मुलीच्या नावाचा रकाना कोराच असतो. भारतातून निघण्याआधी महापालिकेतून नाव घालून नवा दाखला घेतला असेल तर उत्तम. नसेल तर वयाचा पुरावा म्हणून पासपोर्ट चालतो. नावाचा क्रम सगळीकडे पासपोर्टप्रमाणेच ठेवा. मधलं नाव म्हणून वडिलांचं नाव पाहून कचेरीतले लोक चक्रावतात, पण एकदा समजावलं की प्रश्न मिटतो.

पत्त्यासाठी दोन पुरावे लागतात, जसे की घराचा भाडेकरार आणि वीज किंवा गॅसचं अलीकडचं बिल. अजून नातेवाइकांकडे राहत असाल तर ज्यांच्या नावावर घर आहे त्यांचं शपथपत्र देता येतं. घर नाही किंवा नाइलाजाने कुणाकडे राहताय, अशी स्थिती असेल तर कागद नसले तरी मुलीला शाळेत बसवण्याचा हक्क संघराज्याच्या कायद्याने दिलेला आहे.

लसीकरणाचं काम मात्र लवकर काढा. न्यू यॉर्कने २०१९ मध्ये धार्मिक कारणावरची सूट रद्द केली, तेव्हापासून वैद्यकीय कारणाशिवाय पळवाट नाही. किंडरगार्टनसाठी घटसर्प-डांग्या खोकला-धनुर्वात, पोलिओ, हेपटायटिस बी, गोवर-गालगुंड-रुबेला यांच्या लशींबरोबर कांजिण्यांच्या दोन मात्रा लागतात. आपल्या सरकारी लसीकरणात कांजिण्यांची लस नाही, आणि गोवर-रुबेलाच्या लशीत गालगुंड नाही. शिवाय भारतात गोवराची पहिली मात्रा नवव्या महिन्यात देतात, आणि इथे पहिल्या वाढदिवसाआधी दिलेली मात्रा धरत नाहीत. त्यामुळे कार्ड पूर्ण भरलेलं असूनही इथे ते अपुरं ठरतं. दोन कांजिण्यांच्या मात्रांमध्ये अंतर ठेवावं लागतं, म्हणून मे महिन्यातच बालरोगतज्ज्ञाकडे जा. तिथेच शहराचा सीएच २०५ हा आरोग्य फॉर्म भरून घ्या. बाळपणी बीसीजी दिलेली असेल तर तेही सांगा, कारण त्वचेवरची क्षयरोगाची चाचणी त्यामुळे चुकून सकारात्मक येऊ शकते. परदेशातून आलेल्या मुलांना लशी पूर्ण करण्याचा प्रयत्न सुरू असल्याचा पुरावा दिल्यास ३० दिवसांपर्यंत सवलत मिळते.

दोन फॉर्म, ज्यांची पालकांना भीती वाटते

पहिला घरच्या भाषेचा. मराठी लिहिलं की शाळा मुलीशी बोलून पाहते आणि गरज वाटल्यास इंग्रजीची चाचणी घेते. ही तपासणी शाळा सुरू झाल्यापासून दहा शालेय दिवसांत पूर्ण व्हायला हवी. चाचणीत ती इंग्रजी शिकणारी ठरली तर तिला जादा मदत मिळते आणि दर वसंतात पुन्हा चाचणी होते. काही पालक 'शिक्का बसेल' म्हणून इंग्रजी लिहितात. असं करू नका. पहिल्या वर्षी मिळणारी ती मदत मुलीच्या हक्काची आहे, आणि इंग्रजी पक्कं झालं की ती त्या गटातून बाहेर येते.

दुसरा वंशाचा. आधी हिस्पॅनिक आहात का ते विचारतात, मग वंश. भारतीय कुटुंबांसाठी उत्तर 'नाही' आणि मग 'आशियाई'. रकाना कोरा ठेवलात तर शाळेतलं कुणीतरी मुलीकडे पाहून तो भरतं, तसा संघराज्याचा नियमच आहे. त्यापेक्षा आपण भरलेला बरा.

बसबद्दल थोडक्यात: शाळेला पिवळ्या बसची सोय असेल तर किंडरगार्टन ते दुसरीच्या मुलींना घर अर्ध्या मैलापेक्षा लांब असल्यास ती मिळते, आणि चार्टरच्या मुलींनाही शहराचेच नियम लागू होतात.

शाळा सुरू झाली की सप्टेंबरभर आणि ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात मुलीला एकही दिवस घरी ठेवू नका. याच दिवसांत शाळा न येणाऱ्यांची नावं काढून प्रतीक्षायादीतल्या मुलींना बोलावते. गणपतीसाठी सुट्टी हवी असेल तर आधी लेखी कळवा. आणि प्रतीक्षायादीत असाल तर याच दिवसांत आठवड्यातून एकदा शाळेच्या कचेरीत फोन करत राहा.